टेलिफोटो लेन्सने काढलेले फोटो धूसर का येतात? चूक लेन्सची असते, हाताची की हवेची?

हिवाळ्यातला रविवार. पुण्यातून पहाटे चार वाजता गाडी निघते, सोलापूर रस्त्याला लागते आणि शंभरेक किलोमीटरवर भिगवणला थांबते. उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो उतरलेले असतात. कुंभारगावच्या काठावरून होडी निघते. भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स कॅमेऱ्याला लावलेली असते. दोन तासांत सहाशे-सातशे फोटो निघतात. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास दिसतात.

घरी येऊन लॅपटॉपवर फोटो मोठा केला की खरी गोष्ट कळते. पक्ष्याचा डोळा धूसर, पंखांची पिसं एकमेकांत मिसळलेली आणि पाण्याच्या रेषा थरथरलेल्या. सातशेतले कसेबसे दहा फोटो कामाचे निघतात. मग पहिला संशय लेन्सवर जातो. "भाड्याची लेन्स होती, खराब असणार." दुसरा संशय खिशावर जातो. "दोन लाखांची लेन्स घेतली असती तर जमलं असतं."

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. फोटो धूसर येण्याची चार मुख्य कारणं आहेत. चारही वेगळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा आहे. रोग एक आणि औषध दुसऱ्याचं, असं झालं की पैसे जातात, फोटो मात्र तसाच येतो. म्हणून आधी हे प्रकरण नीट समजून घेऊ.

टेलिफोटो लेन्स म्हणजे नेमकं काय?

लेन्सवर ५० एमएम, २०० एमएम, ४०० एमएम असे आकडे लिहिलेले असतात. याला फोकल लेन्थ म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका समोरच्या दृश्याचा छोटा तुकडा फ्रेममध्ये येतो आणि तो तितका मोठा दिसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४७ अंशांचं दृश्य पाहते. ४०० एमएम लेन्सला फक्त सहा अंशांच्या आसपास दिसतं. म्हणजे भिंतीला पाडलेल्या एका बारीक फटीतून जग बघण्यासारखं आहे.

रोजच्या बोलण्यात कुठल्याही लांब पल्ल्याच्या लेन्सला टेलिफोटो म्हणतात. तांत्रिक अर्थ थोडा वेगळा आहे. पुढे प्रकाश गोळा करणारा भिंगांचा गट आणि मागे तो किंचित पसरवणारा दुसरा गट, अशी रचना केली की लेन्सची प्रत्यक्ष लांबी तिच्या फोकल लेन्थपेक्षा कमी ठेवता येते. म्हणूनच ४०० एमएमची लेन्स ४० सेंटिमीटरपेक्षा आखूड असू शकते. ही कल्पना १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डॅलमायर आणि जर्मनीत अडॉल्फ मीथं यांनी स्वतंत्रपणे पुढे आणली. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली, लेन्स खूप सुधारल्या, पण एक अडचण तशीच राहिली. लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स हाताची थरथरही तितकीच मोठी करून दाखवते.

थरथर किती मोठी होते?

२४ मेगापिक्सलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या रुंदीत सहा हजार पिक्सल असतात. ४०० एमएम लेन्स लावली की या सहा हजार पिक्सलमध्ये जेमतेम पाच अंशांचं दृश्य मावतं. भागाकार केला तर एका पिक्सलच्या वाट्याला एका अंशाचा हजारावा भागही पूर्ण येत नाही. म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा एवढासा जरी फिरला, तरी चित्र एक पिक्सल सरकलं. दहा पिक्सल सरकलं की पिसं पुसली गेलीच म्हणून समजा.

हीच हालचाल २४ एमएमच्या वाइड लेन्सवर झाली तर तिचा परिणाम सोळा-सतरा पट कमी दिसतो. म्हणून मोबाइलने एका हाताने काढलेला डोंगराचा फोटो स्पष्ट येतो आणि दोन्ही हातांनी जीव मुठीत धरून काढलेला पक्ष्याचा फोटो धूसर.

आधी निदान, मग इलाज

धूसर फोटो डिलीट करायच्या आधी लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून बघायला हवा. गुन्हेगार कोण, हे फोटोच सांगतो.

फ्रेममधली प्रत्येक गोष्ट, पक्षी, गवत, पाणी, एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसते? तर कॅमेरा हलला.

गवत आणि काठ स्पष्ट आहेत, पण पक्षी किंवा त्याचे पंख पुसट आहेत? तर पक्षी हलला.

डोळा धूसर, पण शेपटी, पुढचं गवत किंवा मागचा दगड लख्ख दिसतोय? तर फोकस चुकला.

फ्रेममध्ये काहीच स्पष्ट नाही, कडा वाकड्यातिकड्या आहेत आणि पाण्यात बघितल्यासारखं लिबलिबीत दिसतंय? तर दोष हवेचा आहे.

आता एकेकाकडे वळू.

कारण पहिलं : कॅमेरा हलला

फोटोग्राफर पिढ्यानपिढ्या एक साधा हिशेब वापरत आलेत. शटर स्पीड किमान 'एक भागिले फोकल लेन्थ' एवढा असावा. ४०० एमएम लेन्स असेल तर सेकंदाचा चारशेवा भाग, म्हणजे १/४००. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल, आणि नवशिक्यांचे बहुतेक डीएसएलआर तसेच असतात, तर दीडने गुणायचं, म्हणजे १/६००. कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठी हा आकडा १.६ आहे. हा नियम फिल्मच्या काळातला आहे. आजच्या जास्त मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात बारीक थरथरही पकडली जाते, म्हणून त्याहून थोडा वेगवान शटर ठेवलेला बरा.

इथे मदतीला येतं ते स्टॅबिलायझेशन. लेन्समधला भिंगांचा एक गट हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने हलतो आणि चित्र जागेवर ठेवायचा प्रयत्न करतो. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० एमएम झूममध्ये ही सोय दिली आणि एसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये ती तिथून सुरू झाली. आज कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस आणि टॅमरॉन व्हीसी. नावं वेगळी असली तरी काम एकच.

हे स्टॅबिलायझेशन चार स्टॉपचं असेल, तर कागदावर १/४०० च्या जागी १/२५ ला सुद्धा हातात धरून फोटो निघू शकतो. पण यात एक मोठी अट आहे आणि तिथेच बरेच जण फसतात. स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं, समोरचा पक्षी थांबवत नाही. १/२५ ला झाड स्पष्ट येईल, झाडावरचा पक्षी येईलच असं नाही.

कॅमेरा धरायची पद्धतही महत्त्वाची असते. डावा हात लेन्सच्या खाली आणि शक्य तितका पुढे, दोन्ही कोपर शरीराला टेकलेले, कॅमेरा डोळ्याला लावलेला आणि पाय थोडे फाकवलेले. बटण दाबायचं, खटकन मारायचं नाही. चार-पाच फोटो सलग काढले की त्यातला मधला एखादा बऱ्याचदा सगळ्यात स्पष्ट निघतो, कारण बोट दाबताना आणि उचलताना कॅमेरा हलतो, मधल्या क्षणी तो तुलनेने स्थिर असतो.

ट्रायपॉड असेल तर उत्तमच, पण तोही नीट वापरावा लागतो. मोठ्या लेन्सला खाली एक कडं आणि पाय असतो. ट्रायपॉडला तो पाय जोडायचा, कॅमेरा नाही. नाहीतर पुढचं वजन झुकतं आणि सगळंच डोलतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर उचलू नये, वाऱ्यात तोच पहिल्यांदा हलतो. जुन्या लेन्समध्ये ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करावं लागतं, कारण थरथर नसताना ती शोधायच्या नादात यंत्रणा स्वतःच चित्र हलवू शकते. बऱ्याच नव्या लेन्स ट्रायपॉड आपोआप ओळखतात. नक्की काय ते त्या लेन्सच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

ट्रायपॉडवर १/६० पेक्षा हळू शटर वापरताना डीएसएलआरमधल्या आरशाचा धक्काही लागतो. त्यासाठी आरसा आधी वर उचलून ठेवायची सोय असते. दोन सेकंदांचा टायमर लावला तर बोटाचा धक्काही टळतो.

होडीत ट्रायपॉड? नको रे बाबा

भिगवणच्या होडीत काही जण हौसेने ट्रायपॉड घेऊन चढतात. तिथे तो उलटा त्रास देतो. होडीच्या इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा माणसाचं शरीर बरं, ते थोडीफार थरथर शोषून घेतं. होडीत खाली बसायचं, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे, इंजिन बंद करायला सांगायचं आणि होडी स्थिर होईपर्यंत थांबायचं. शटर १/१००० च्या पुढे ठेवायचा.

ताडोबासारख्या जंगलात उघड्या जिप्सीतून फोटो काढताना सगळ्यात कामाला येते ती बीन बॅग. जाड कापडाची पिशवी, आत राजमा, तांदूळ किंवा असंच काही दाणेदार. जिप्सीच्या दांड्यावर ती ठेवायची आणि लेन्स त्यात रुतवायची. घरी शिवली तर खर्च फारच कमी येतो. मात्र इथेही इंजिन बंद हवं आणि गाडीतल्या बाकीच्यांनी त्या काही सेकंदांत उठाबशा काढायच्या नाहीत. एकाने जागा बदलली की सहा जणांचे फोटो हलतात.

कारण दुसरं : पक्षी हलला

समजा, पक्षी ताशी ३६ किलोमीटरने उडतोय. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. १/५०० सेकंदात तो दोन सेंटिमीटर पुढे जातो. १/२००० सेकंदात अर्धा सेंटिमीटर. पंखांची टोकं तर याहून वेगात फिरतात. म्हणून ढोबळ आकडे असे लक्षात ठेवता येतात.

• शांत उभा पक्षी किंवा बसलेला वाघ : १/५०० च्या आसपास
• चालणारा, मान हलवणारा, चोचीने पाणी ढवळणारा पक्षी : १/१०००
• रोहितसारखा मोठा पक्षी उडताना : १/१६०० ते १/२०००
• सूर मारणारा खंड्या किंवा गिरक्या घेणारा सुरय : १/३२०० किंवा त्याहून जास्त

उडणाऱ्या पक्ष्याबरोबर लेन्स त्याच वेगाने फिरवत ठेवली की शरीर आणखी स्पष्ट येतं. याला पॅनिंग म्हणतात. बऱ्याच लेन्सवर यासाठी स्टॅबिलायझेशनचा दुसरा मोड असतो. तो बाजूच्या फिरण्याला विरोध करत नाही, फक्त वर-खाली होणारी थरथर सावरतो.

'आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो'

हा समज इतका घट्ट बसलाय की लोक आयएसओ ४०० वर अडून बसतात आणि शटर १/२५० वर आणतात. मग फोटो हलतो.

हिशेब सोपा आहे. ॲपर्चर तेच ठेवून शटर १/५०० वरून १/२००० वर न्यायचा असेल तर प्रकाश चौपट कमी पडतो. तो भरून काढायला आयएसओ ४०० वरून १६०० करावा लागतो. फोटोत थोडे दाणे दिसतील. हे दाणे नंतर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी करता येतात. हललेल्या फोटोतली पिसं मात्र तितक्या भरवशाने परत आणता येत नाहीत, आणि आणली तरी ती सॉफ्टवेअरने अंदाजाने काढलेली असतात. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालतो, गुळगुळीत पण हललेला चालत नाही.

यावर एक सोयीची पद्धत आहे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवायचा, शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवायचं आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा. उजेड बदलला तरी शटर खाली घसरत नाही.

कारण तिसरं : फोकस चुकला

टेलिफोटो लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. फुल फ्रेम कॅमेरा, ४०० एमएम लेन्स आणि एफ ५.६ ॲपर्चर धरलं, तर दहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी हा पट्टा साधारण २० सेंटिमीटरचा भरतो. अर्धा पुढे, अर्धा मागे. पाच मीटरवर बसलेल्या खंड्यासाठी तो फक्त पाच सेंटिमीटर उरतो. शेपटीवर फोकस बसला तर डोळा गेलाच.

आणि डोळा गेला की फोटो गेला. माणूस फोटोत आधी डोळे शोधतो. पाय, शेपटी, पाठ थोडी धूसर असली तरी चालते, डोळा लख्ख हवा.

यासाठी तीन सवयी लावून घ्याव्या लागतात. पहिली, फोकसचा सतत पाठलाग करणारा मोड. निकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्व्हो. एकदाच फोकस करून थांबणाऱ्या मोडमध्ये बटण अर्धं दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत पक्ष्याने मान वळवली किंवा होडी थोडी सरकली तरी फोकस चुकतो.

दुसरी, कॅमेऱ्याला कुठे बघायचं ते सांगणं. सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा बऱ्याचदा जवळची, ठळक दिसणारी वस्तू पकडतो. भिगवणला ती वस्तू म्हणजे पुढचं गवत. म्हणून एकच पॉइंट किंवा छोटा गट निवडून तो डोळ्यावर ठेवायचा. गेल्या काही वर्षांतल्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय आहे. ती असेल तर जरूर वापरावी, पण गवताआडून बघणाऱ्या पक्ष्यासाठी एकच पॉइंट अजूनही कामाला येतो.

तिसरी, लेन्सवरचं फोकस लिमिटरचं बटण. या बटणाने लेन्सला सांगता येतं की अमुक मीटरच्या अलीकडे शोधूच नकोस. मग फोकस इकडून तिकडे धावत बसत नाही. भाड्याची लेन्स आली की हे बटण आधी तपासावं. आधीच्या माणसाने ते भलत्या ठिकाणी ठेवलं असेल तर जवळचा पक्षी फोकसच होत नाही आणि लेन्स बिघडली असं वाटतं.

डीएसएलआरमध्ये आणखी एक भानगड असते. फोकस मोजणारा सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर वेगळे असतात. दोघांत किंचित फरक पडला तर फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा मागे बसतो. स्थिर वस्तूचे ट्रायपॉडवरून दहा फोटो काढावेत, पाच व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूचे सगळे स्पष्ट आणि दुसरे सगळे धूसर आले तर हाच दोष आहे. बऱ्याच मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या डीएसएलआरमध्ये तो मेनूतून दुरुस्त करता येतो. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरूनच होत असल्याने हा प्रश्न जवळपास येत नाही.

कारण चौथं : हवा

हे कारण सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं आणि यावर पैसे खर्च करून काहीच उपयोग नसतो.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरवर पाणी साचल्यासारखं दिसतं, हवा थरथरते. गरम आणि थंड हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवते. जमीन तापली की गरम हवेचे झोत वर उठतात, आजूबाजूच्या थंड हवेत मिसळतात आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वेडावाकडा होतो. नुसत्या डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. ४०० किंवा ६०० एमएम लेन्स मात्र ते मोठं करून दाखवते.

दुपारी बाराच्या उन्हात दोनशे मीटरवरच्या रोहितांचा थवा टिपला तर जगातली सगळ्यात महागडी लेन्सही तो फोटो वाचवू शकत नाही. शटर वाढवून, ट्रायपॉड लावून, फोकस पुन्हा पुन्हा करून काही होत नाही, कारण प्रकाशच वाकडा येतोय.

थंडीत उलटंही घडतं. पहाटे हवा गार आणि पाणी त्या मानाने कोमट असेल तर पाण्यावरूनही अशी थरथर उठते. गाडीच्या खिडकीतून फोटो काढताना आतली गरम हवा बाहेर पडते आणि लेन्सच्या अगदी तोंडाशी तोच खेळ होतो. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून काढलेल्या फोटोंचंही तेच.

इलाज दोनच. ऊन चढायच्या आत किंवा ढगाळ दिवशी फोटो काढायचे आणि अंतर कमी असलेला पक्षी निवडायचा. मधली हवा जितकी कमी, तितका फोटो स्पष्ट. दूरचा पक्षी धूसर येत असेल तर त्याच्या मागे न लागता जवळच्या बगळ्याचा फोटो काढणारा माणूस दिवसाखेर जास्त खूश असतो.

मुंबई आणि कोकणातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. एसी खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. लेन्स बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवली तर ती हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते.

लेन्सची चूक कधी असते?

कधीकधी असतेही. १५०-६०० एमएमसारख्या झूम लेन्स शेवटच्या टोकाला, म्हणजे ६०० वर आणि ॲपर्चर पूर्ण उघडं असताना थोड्या मऊ पडू शकतात. एफ ६.३ ऐवजी एफ ८ केलं तर बऱ्याचदा फरक दिसतो. पण एफ १६, एफ २२ पर्यंत जाऊ नये. छिद्र फार लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि स्पष्टता पुन्हा कमी होते.

लेन्सच्या तोंडावर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एकदा फोटो काढून पाहावा. वाइड लेन्सवर न दिसणारा काचेचा दोष टेलिफोटोवर उघडा पडतो.

टेलिकन्व्हर्टरचंही तसंच. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ४०० ची लेन्स ५६० होते, पण एक स्टॉप प्रकाश जातो, एफ ५.६ चं एफ ८ होतं. २ पटीच्याने ८०० होते आणि एफ ११ वर येते. प्रकाश कमी, फोकस मंद, थरथर दुप्पट. चांगली लेन्स आणि भरपूर ऊन असेल तरच हा सौदा परवडतो.

मोबाइलवाल्यांचं काय?

फोनमधला टेलिफोटो कॅमेरा हीसुद्धा खरी लेन्स आहे. आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये २०२३ साली आलेला पाच पटीचा कॅमेरा १२० एमएमच्या बरोबरीचा आहे. सॅमसंगच्या एस २१ अल्ट्रात दहा पटीचा कॅमेरा होता, २४० एमएमच्या आसपासचा. पण स्क्रीनवर ३० किंवा १०० पट दिसतं तेव्हा लेन्स काही बदलत नाही. आहे तेच चित्र कापून ताणलेलं असतं.

आणखी एक गंमत म्हणजे उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल तर बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि त्याचंच चित्र कापून देतात. टेलिफोटो कॅमेऱ्यावर बोट ठेवून पाहिलं आणि स्क्रीन काळी झाली नाही, तर समजायचं की फोन दुसराच कॅमेरा वापरतोय. फोनसाठी नियम साधे आहेत. लेन्स पुसा, फोन कशाला तरी टेकवा, लेन्सच्या खऱ्या पटीवरच थांबा आणि भरपूर उजेडात काढा.

जवळ जाण्याचा मोह

स्पष्ट फोटोसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जवळ जाणं, हे वर आलंच. धोकाही इथेच आहे.

रोहित पक्षी उथळ पाण्यात तासन् तास चरतात. होडी थेट त्यांच्या अंगावर गेली की थवा उडतो. गुलाबी पंख उघडलेला फोटो मिळतो, लाइक्सही मिळतात. पण पक्ष्यांचं खाणं थांबतं आणि उडण्यात ताकद खर्च होते. एका रविवारी वीस होड्यांनी एकेकदा उडवलं तर त्या थव्यासाठी तो वीस वेळांचा हिशेब असतो. घरट्याजवळ गेलं तर नुकसान आणखी मोठं. आई-बाप उडून जातात आणि अंडी किंवा पिल्लं उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडी पडतात.

पक्षी स्वतः सांगतो की तुम्ही फार जवळ आलात. चरणं थांबतं, माना ताठ वर होतात, सगळे एका दिशेने चालायला लागतात. ही खूण दिसली की होडी थांबवायची. नावाड्याला आधीच सांगून ठेवावं की पक्षी उडवायचे नाहीत, दुरूनच थांबू. नावाडी पाणी आणि पक्षी दोन्ही ओळखतात. बहुतेकदा पक्षी उडवण्याचा आग्रह गिऱ्हाइकाचाच असतो. इंजिन बंद करून अर्धा तास शांत बसलं तर बऱ्याचदा चरता चरता पक्षीच जवळ येतात. तेव्हा निघालेला फोटो स्पष्टही असतो आणि त्यातला पक्षी घाबरलेलाही नसतो.

घरी आल्यावर

फोटो निवडताना शंभर टक्के मोठा करून डोळा बघायचा. डोळा स्पष्ट तर ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. 'शार्पनिंग'ची पट्टी शेवटपर्यंत ओढून धूसर फोटो स्पष्ट होत नाही, फक्त कडांना पांढरी किनार येते.

इन्स्टाग्रामसाठी फोटो १०८० पिक्सल रुंदीचा करून मगच थोडं शार्पनिंग करावं. सहा हजार पिक्सलचा फोटो १०८० वर आला की किरकोळ धूसरपणा तसाही लपतो. म्हणजे भिंतीवर लावायला नापास झालेला फोटो पोस्ट करायला पास होऊ शकतो.

आणि दर वेळी धूसर फोटोंमधले पाच-दहा ठेवून त्यांचं वर सांगितल्याप्रमाणे निदान करावं. पाचपैकी चारांत गुन्हेगार एकच निघाला, तर पुढच्या रविवारी फक्त तेवढंच सुधारायचं. कॅमेरा हलत असेल तर शटर वाढवा. फोकस चुकत असेल तर एकच पॉइंट वापरा. हवा थरथरत असेल तर लवकर उठा.

हे सगळं करूनही, ट्रायपॉडवर, सकाळच्या गार हवेत, वीस मीटरवरच्या स्थिर दगडाचा फोटो धूसर येत असेल, तर मात्र लेन्स दुकानात दाखवायला हरकत नाही. त्याआधी दोन लाख खर्च करायची घाई नको.